आलमट्टी नव्हे, अल्माटी

महाड,
३ जानेवारी २०२६

सौ. शर्मिलाताई, म्हणजे आमच्या विहीणबाई, यांना विनीता शेटे हिचा स. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर आपलं बोलणं तीन वर्षांत ‘जेवण झालं का’ याच्यापुढे सरकलेलं नाही. मुलांनी काढलेल्या घरच्या ग्रुपवर काही लिहावं, तर तुमच्याआधी माझी इरावती वाचते आणि हसरे चेहरे चिकटवते. म्हटलं, तुम्ही जन्मभर पोलादपूरला पोरांना मराठी शिकवलंत, तुम्हाला पत्र आवडेल. तांबड्या शाईने चुका काढून परत पाठवलंत तरी चालेल. तुमच्या शेजारचा राजेंद्र एमआयडीसीत पाळीला येतो, तो आज आमच्या दुकानात बिजागऱ्या न्यायला आला होता. त्याच्याच हाती देते आहे. टपालाने टाकलं असतं तर ते सहलीहून परत आल्यावर मिळालं असतं.

तर सहल. लोकांची मुलं आईला साठीला साडी घेतात. माझ्या इरावतीने आणि तुमच्या प्रितमने मिळून आपल्याला कझाकस्तान घेतलं. मार्चमध्ये आठ दिवस, बायकांची सहल, आणि दोघींत एक खोली. इरावतीला विचारलं की खोल्या वेगळ्या का नाही घेतल्या, तर म्हणाली, तेवढ्यासाठीच तर पाठवतोय. मुलगी माझीच, पण इतकी स्पष्टवक्ती कोणावर गेली ते कळत नाही.

आमच्या ह्यांनी गावाचं नाव ऐकलं अल्माटी आणि अख्ख्या बाजारपेठेत सांगून आले की बायको आलमट्टीला चालली. आता दुकानात येणारा प्रत्येकजण विचारतो, वहिनी, कर्नाटकातलं धरण बघायला पासपोर्ट कशाला? एकाने तर सांगितलं की पुराचं पाणी आपल्या महाडात घरपोच येतं, त्याच्यासाठी तिकडे जायची गरज नाही.

मी घोरत नाही. हे म्हणतात घोरते, पण त्या वेळी हे स्वतः झोपेत असतात. मला पंखा लागतो, दार आतून दोनदा बघावं लागतं आणि सकाळी न्हाणीघर आधी लागतं. तुमचंही सगळं कळवा. आणि हो, तुमची तब्येत, प्रवासाची दगदग, हे सगळं लक्षात घेता जमणार नसेल तर संकोच करू नका. वय आपलं एकच असलं तरी काही जणी लवकर थकतात. इरावतीला मी समजावीन.

अरविंदरावांना नमस्कार. लोभ आहेच, तो विमानाच्या सामानासारखा ठरल्या वजनात असावा.

आपली,
विनीता


पोलादपूर,
७ जानेवारी २०२६

सौ. विनीताताईंना सप्रेम जयभीम. तुमच्या रीतीचा स. न. वि. वि. सुद्धा, म्हणजे काही कमी पडायला नको.

पत्र मिळालं. तांबडी शाई बाटलीत वाळली आहे, म्हणून काळ्यानेच सांगते. शुद्धलेखन उत्तम. फक्त ‘काळजी’ असं जिथे वाचावंसं वाटतं तिथे ‘सुटका’ असा अर्थ लागतो, तेवढं पुढच्या वेळी बघा. मी थकलेली नाही. रोज सकाळी आंबेनळीच्या पहिल्या वळणापर्यंत चालत जाऊन येते. तुम्ही दुकानाच्या गल्ल्यापासून स्वयंपाकघरापर्यंत चालता हे मला ठाऊक आहे, त्यामुळे तुमचीच चिंता वाटते. जमणार नसेल तर प्रितमला मी समजावीन.

आमच्याकडे वेगळाच गोंधळ. ह्यांनी एसटी चालवण्यात आयुष्य घातलं, तेही आंबेनळीच्या घाटात, त्यामुळे विमान ही वस्तू ह्यांना मान्यच नाही. म्हणतात, ज्या गाडीचा डायवर दिसत नाय, तिच्यात बसायचा नाय. वरून प्रितमने गंमत म्हणून सांगितलं की विमानाला आपलं आपण मागे येता येत नाही, त्याला ट्रॅक्टर लावून ढकलावं लागतं. तेव्हापासून ह्यांची झोप उडाली आहे. ज्याला रिव्हर्स येत नाय त्याच्या हातात दोन-तीनशे माणसं देतात कशी, हा प्रश्न हे राजेंद्रपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांना विचारून आले.

खोलीचं म्हणाल तर पंखा तुमचा, न्हाणीघर आधी तुमचं, दारही तुम्ही चारदा बघा. मला फक्त पहाटे चहा लागतो आणि सोबत मी सुकटीची चटणी आणणार आहे. डबा घट्ट आहे. तिकडे घोड्याचं मटण आणि घोडीचं आंबवलेलं दूध चालतं असं वाचलं. सहलवाले आपल्याला वरणभात देणार आहेत म्हणे, पण त्यांच्या वरणावर मी विसंबणार नाही.

आता एक शंका. तुम्ही आमच्या घरी तीन वेळा आलात आणि तिन्ही वेळा तुमचा कडक उपवास निघाला, पाणीसुद्धा नाही. पहिल्यांदा बुधवार होता. बुधवारी उपवास धरणारी मासे खाणारी कोकणी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. दुसऱ्यांदा रविवार. तिसऱ्यांदा तर नाताळ होता. म्हणून विचारते, अल्माटीत उपवासाचं काय मिळतं ते सहलवाल्यांना विचारून ठेवलंत का? तिथे आठही दिवस मीच समोर असणार.

श्रीधररावांना जयभीम सांगा, आणि आलमट्टीचे दरवाजे उघडायच्या आत ही चूक दुरुस्त करायला सांगा.

तुमची, तब्येतीने ठणठणीत,
शर्मिला


महाड,
२० जानेवारी २०२६

सौ. शर्मिलाताईंना स. न. वि. वि.

शनिवारी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही मुलांबरोबर आलात, फार बरं वाटलं. तुम्ही कुंकू लावून घेत नाही, पण तिळाचे लाडू चार घेतलेत, त्यातच माझा मान राहिला. वाण म्हणून दिलेली गाळणी चहाला वापरू नका, तिची भोकं मोठी आहेत. यंदा स्वस्तात एवढंच मिळालं.

उपवासांचं काय सांगू, ते आपसूक येतात. माणसाच्या हातात थोडंच असतं.

तयारी जोरात आहे. होती म्हणू. बाजारातून थर्मल आणले. महाडात थर्मल मागितले की दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग पंख्याकडे बघतो, आणि मग माकडटोपी काढून देतो. घरी अंगात घालून बघितले तर अंगातून धारा लागल्या. हे दुकानातून आले आणि कपाळाला हात लावून विचारू लागले, ताप किती आहे. बॅग भरून दुकानात खिळे मोजायच्या काट्यावर चढवली. हे म्हणाले, एवढ्या वजनात एक घर उभं राहतं. गिऱ्हाइकं जमली होती. प्रत्येकाने एकेक वस्तू काढायला सांगितली आणि शेवटी बॅगेत बॅगच उरली.

पण सांगायचं ते वेगळंच. हळदीकुंकवाच्या धावपळीत माझा उजवा गुडघा धरला. आधी वाटलं जाईल एका दिवसात, पण जिना चढवत नाही. इतक्या आवडीने मुलांनी ठरवलं आणि असं व्हावं, याला काय म्हणायचं! तिकडे बर्फात रोपवेच्या पाळण्यात बसून डोंगरावर जायचं, घसरलं म्हणजे परदेशात कोण बघणार? आमचे डॉक्टर म्हणाले की डाव्या गुडघ्यावर भार द्यायचा नाही आणि दोन-तीन महिने लांबचा प्रवास टाळलेला बरा. त्यामुळे माझं येणं कठीणच दिसतं. इरावतीला अजून बोलले नाही. तुमच्याकडून कळलं तर तिला कमी लागेल, तुमचं ती ऐकते.

तुम्ही मात्र जाऊन या. खोली सगळी तुमची, चटणीचा डबा उघडा ठेवा.

मनात काही आणू नका एवढीच विनंती.

आपली,
विनीता


पोलादपूर,
२२ जानेवारी २०२६

सौ. विनीताताईंना जयभीम.

तुमच्या पत्रात आधी उजवा गुडघा दुखतो आणि चार ओळींनी डावा. आजारपणाच्या चिठ्ठ्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. आमच्या तिसरीतली पोरं निदान एक आजी एकदाच मारायची.

शनिवारी तुमच्या घरी मी बाहेरच्या खोलीत बसले होते. तुमच्या मैनावन्सं स्वयंपाकघरात तुम्हाला काय म्हणाल्या ते मी ऐकलं. त्यांनी अगदी हळू विचारलं होतं, पण शेवटच्या बाकावरची कुजबूज ऐकण्याचाच मला पगार मिळायचा. त्यांनी विचारलं, एकाच खोलीत? एकच न्हाणीघर? आठ दिवस? त्यांच्यातल्या बाईबरोबर?

तुम्ही काय उत्तर देता ते ऐकायला मी लाडू हातात धरून थांबले होते. तुम्ही विचारलंत, वन्सं, चहात साखर घालू का.

तीन दिवसांनी तुमचा गुडघा दुखला. कोणता ते तुमचं तुम्ही ठरवा.

इरावतीला मी काही सांगणार नाही. ती तुमची मुलगी आहे आणि माझ्या घरात ती दर सुट्टीला येते, माझ्या ताटातला पापड मोडून खाते, माझ्या अंथरुणात पाय ताणून झोपते. तिला हे कोणत्या शब्दांत सांगायचं ते मला सुचत नाही, आणि शब्द सुचणं हा तर माझा धंदा होता. तुम्हीच सांगा.

मी जाणार. दुसऱ्या पलंगावर माझी बॅग झोपेल. तिला कोणी काही विचारत नाही.

गुडघ्याला शेक द्या, दोन्ही.

शर्मिला तांबे


महाड,
२९ जानेवारी २०२६

सौ. शर्मिलाताईंना स. न. वि. वि.

काल तुमच्याकडून निघताना एसटी पुढ्यात उभी राहिली म्हणून बोलायचं राहिलं, ते लिहिते.

पहिलं म्हणजे न कळवता आलेल्या माणसाला कसं घ्यावं हे अरविंदरावांकडून शिका. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं, आणि आधी कॅलेंडर बघितलं. म्हणाले, आज बुधवार हाय वयनी, तुमचा उपास असंल, आन् आमच्याकडं नेमकं बोंबलाचं कालवण हाय. हाटेलातून केळी आनू का? मी म्हटलं, आज उपवास नाही, ताट घ्या. तुम्ही आतून आलात ते डोळे वटारून. मला वाटलं आता पट्टी खाणार.

आता जेवणाबद्दल. भाकऱ्या जाड होत्या. इतकी जाड भाकरी आमच्याकडे गड्याला दिली तर तो काम सोडून जाईल. कालवणात आमसूल जास्त झालं होतं आणि मीठ कमी. बोंबील नीट धुतले नव्हते, दाताखाली वाळू आली. भात बरा होता. दुसऱ्यांदा मी कालवण मागून घेतलं ते भात कोरडा पडला म्हणून, तेव्हा गैरसमज नसावा. तुमचं पाणी फार गार असतं, माठ सावलीतून जरा हलवा. दोन तांबे प्यायले, घसा धरला.

गुडघ्यांचं सांगायचं तर एसटीच्या पायऱ्या चढले, उतरले, तुमच्या दारची चढण चढले. दोन्ही शाबूत आहेत.

याच्यावर आणखी काही लिहायला मी दोनदा बसले. कागद फाडले. धड लिहिता येत नाही, आणि तुम्ही चुका काढणार. मैनावन्संचं मी बघते.

बॅग पुन्हा भरायला घेतली आहे. सुकटीची चटणी आणाच, पण लसूण जास्त घाला. तुमच्या हाताला लसणाचा अंदाज नाही असं कालच्या ताटावरून दिसतं.

अरविंदरावांना सांगा, त्यांनी मला बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा मिळवून दिली त्याबद्दल आभार. महाडपर्यंत तो ड्रायव्हर मला त्यांच्या गोष्टी सांगत होता. त्यामुळे त्याचं लक्ष रस्त्याकडे नव्हतं.

आहे तो लोभ थोडा वाढवलात तर हरकत नाही.

आपली,
विनीता


पोलादपूर,
३ फेब्रुवारी २०२६

सौ. विनीताताईंना सप्रेम जयभीम.

तीन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवलीत. पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, आता ही बाई घरची झाली. वाळूचं मात्र कबूल, त्या दिवशी बोंबील ह्यांनी धुतले होते.

तरी एक सांगते. एका ताटाने सगळं विसरायला मी काही आपल्या मुलांइतकी मोठ्या मनाची नाही. तो शनिवार मला अजून आठवतो आणि पुढेही आठवेल. पण आठवत असताना तुमच्याबरोबर हिंडायला माझी ना नाही. इतकंच मला जमतं.

रविवारी आम्ही दोघं थंडीच्या सरावाला एसटीने महाबळेश्वरला गेलो. पहाटेची गाडी, मी थर्मल, स्वेटर, कानटोपी, हातमोजे अशा थाटात. हे ड्रायव्हरच्या मागे बसले आणि आंबेनळीच्या प्रत्येक वळणाला त्याला सूचना देत राहिले. शेवटी त्याने गाडी थांबवून ह्यांना विचारलं की काका, तुम्ही चालवता का मी उतरू? वर पोहोचलो तर मुंबईची पोरं अर्ध्या बाह्यांत स्ट्रॉबेरी खात होती. एका बाईने मला विचारलं, आजी, बरं नाही का? मी सांगितलं, कझाकस्तानला चालले आहे. तिने तिच्या मुलाला जवळ ओढून घेतलं.

आणि काल इरावतीचा फोन. तुम्हालाही आलाच असेल. सहल रद्द व्हायच्या बेतात. दोन माणसं कमी पडतात, येत्या रविवारपर्यंत भरली नाहीत तर पैसे परत. ती रडकुंडीला आली होती. मागून प्रितम म्हणाला, पुढच्या वर्षी बघू, तोवर दोघी महाबळेश्वरला जाऊन या. माझ्याच पोटचा आहे, काय बोलणार!

ताई, आता थोडं सरळ लिहिते. मी दीक्षाभूमीला गेले, शिबिरांना गेले, मुलांच्या सहली नेल्या, नातलगांच्या लग्नांना आणि मयतांना गेले. प्रत्येक वेळी कशासाठी तरी गेले, कोणासाठी तरी गेले. नुसतं फिरायला म्हणून मी जन्मात उंबरा ओलांडला नाही. आमच्यातल्या काही जणींनी सुचवलंही की एवढे पैसे घालताय तर श्रीलंकेला जा, काही पुण्य तरी पदरात पडेल. मला पुण्य नको आहे. मला बर्फात उभं राहायचं आहे आणि काही करायचं नाही.

तेव्हा एक बाई मी मिळवली आहे. आमच्या वाडीतल्या जानकीबाई, अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यांच्याकडे पासपोर्ट तयार आहे, कारण त्या श्रीलंकेला जाऊन आल्या. म्हणजे विमानात बसलेली आपल्यात ती एकटीच. पैसे मुंबईहून मुलगा भरणार आहे. विचारलं तर म्हणाल्या, बरफ बघाय मिलतंय तर येतंय की गो, पन माझ्या खोलीतल्या बाईला आधी सांग, माझ्या घोरन्यानं शिरीलंकेत भन्तेजी उठून बसले व्हते.

दुसरी बाई तुम्ही शोधा. रविवारच्या आत. आणि पासपोर्टवाली.

तुमची,
शर्मिला


महाड,
९ फेब्रुवारी २०२६

सौ. शर्मिलाताईंना सप्रेम नमस्कार आणि जयभीम.

बाई मिळाली. पैसे काल संध्याकाळी भरले. सहल जाणार.

आता कोण ते वाचायच्या आधी खाली बसा. मैनावन्सं.

सगळ्या महाडात मी विचारून आले. एकीचा नातू आजारी, एकीच्या सुनेवर घर टाकता येत नाही, एकीला वाटलं मी खरंच धरणाला चालले. पासपोर्ट असलेल्या अशा वन्संच उरल्या. मुलगा दुबईला असतो, त्याने चार वर्षांपूर्वी काढून दिलेला, अजून कोरा. त्यांना या म्हटलं असतं तर त्या आल्या नसत्या. म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की वन्सं, सहलीत जागा आहे पण तुम्ही येऊ नका, तुम्हाला झेपायचं नाही, तिथली थंडी आमच्यासारख्या बायकांनाच सोसते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत त्या पायरीवर बसल्या होत्या.

मग त्यांनी विचारलं, माझ्या खोलीत कोण? मी जानकीबाईंचं नाव सांगितलं. त्या आडनावाला अडल्या. म्हणाल्या, खोली बदलून घे, तू नि मी एकत्र राहू, त्या दोघी एकत्र राहतील, सगळ्यांचीच सोय.

शर्मिलाताई, दुकानात त्या वेळी तीन गिऱ्हाइकं होती आणि हे पाइप कापत होते. माझा आवाज जरा चढला. मी म्हटलं, शर्मिलाताईंच्या घरात माझी मुलगी नांदते, त्यांच्या ताटात जेवते. तिला चालतं ते मला चालणार नाही, अशी मी कोण मोठी लागून गेले? मी त्यांच्याच खोलीत राहणार. तुम्हाला जानकीबाई चालत नसतील तर घरी बसा, फोटो पाठवीन. वन्सं म्हणाल्या, हळू बोल, लोक ऐकतात. मी म्हटलं, म्हणूनच जोरात बोलतेय, त्या दिवशी फार हळू झालं होतं.

ह्यांनी पाइप कापायचा थांबवला होता. इतकी वर्षं संसार झाला, ह्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं आता रागावणार. म्हणाले, चहा घेतेस का. आणि स्वतः करायला आत गेले. चहा फारच वाईट झाला होता. सगळा प्यायले.

वन्सं दोन दिवस आल्या नाहीत. मग त्यांच्या समोरच्या बाईंनी विचारलं म्हणे, तुमची भावजय परदेशी चालली, तुम्ही नाही? तशा तरातरा आल्या आणि पैसे टाकून गेल्या. जाताना एवढंच विचारलं की त्या जानकीबाई घोड्याचं मटण खातील का? मी म्हटलं, त्या घोड्याचं खात नाहीत, पण घोरतात घोड्यासारख्या. म्हणाल्या, घोरते तर मीही. बघू कोण आधी झोपतं.

त्या सुधारल्या असं मी म्हणत नाही. तिकडे त्या काय काय बोलतील ते तुम्हाला ऐकावं लागेल, मलाही. या वेळी साखर विचारणार नाही, एवढं नक्की.

थर्मल धुवायला टाकले आहेत. घालून घालून लोकरीचे गोळे झाले.

आपली,
विनीता


पोलादपूर,
१७ फेब्रुवारी २०२६

चि. प्रितम व चि. सौ. इरावती यांस दोन्हीकडचे अ. आ.

पत्र बघून घाबरू नका. तुमचा ग्रुप आम्ही दोघींनी मुका करून ठेवला आहे, म्हणून कागदावर लिहितो. अक्षर शर्मिलाचं आहे, कालपासून मुक्कामाला आलेल्या विनीताताई शेजारी बसून भाकरी खात मजकूर सांगत आहेत. (भाकरी आज पातळ आहे, हे लिहा म्हणते आहे तर लिहीत नाहीत, म्हणून पेन हिसकावून मी लिहिलं. विनीता.)

तर, सहल ठरली. तुम्ही दोघांनी ती रद्द झाली म्हणून हातपाय गाळलेत, आणि आम्ही दोन बाया गोळा करून ती उभी केली. एक जानकीबाई आणि एक मैनाआत्या. त्या दोघींचं एका खोलीत कसं होणार, असं इरावतीने फोनवर विचारलं. आम्हाला ठाऊक नाही. आमचं कसं होणार तेही ठाऊक नाही. आज सकाळी पंख्यावरून भांडण झालं, तेही दुसऱ्या देशातल्या पंख्यावरून. तिथे पंखा असतो की नाही हे दोघींपैकी कोणालाच माहीत नाही.

तुम्ही आम्हाला एकमेकींची सवय लागावी म्हणून पाठवत होतात, हे इरावतीने आपल्या आईला सांगितलं होतं. हेतू चांगला होता. पण साठीच्या बायकांना सहलीला पाठवून शहाणं करायचं हे कुठल्या पुस्तकात वाचलंत? आमचं जे काय जुळलं ते बुधवारच्या कालवणावर जुळलं. त्याला विमान लागलं नाही, महाडची एसटी पुरली. (आणि जे जुळलं नाही ते तसंच आहे, याचीही नोंद घ्यावी. शर्मिलाताई दर चार वाक्यांनी ती घेतातच.)

आता कामाचं. आम्ही गेल्यावर दोन्ही वडील पुण्याला तुमच्याकडे येतील. श्रीधररावांना चहा करता येतो असं ते अलीकडे समजतात, त्यांना करू देऊ नका. अरविंदरावांना तुमच्या गाडीत पुढे बसवू नका, नाहीतर हिंजवडीपर्यंत तुम्हाला गियर सांगत येतील. दोघे एकमेकांशी काय बोलतील याची काळजी करू नका. आजवर त्यांनी ‘नमस्कार’ आणि ‘पाऊस कसा आहे’ एवढंच बोलून तीन वर्षं काढली. काही बोलले नाहीत तर टीव्ही लावा. भांडले तर मध्ये पडू नका. अरविंदरावांनी काल फोन स्पीकरवर टाकून श्रीधररावांना विचारलं की, इमानाला रिव्हर्स नाय, हे तुमाला म्हाईत हाय का? श्रीधरराव म्हणाले, नाही हो, मग ते पार्किंगला कसं लागतं? अर्धा तास झाला तरी फोन चालू होता. आम्ही दोघी दाराआडून ऐकत होतो.

प्रितम, तू सांगितलंस की रोज संध्याकाळी व्हिडीओ कॉल करायचा, औषधं घेतल्याचं दाखवायचं, जेवणाचे फोटो पाठवायचे. बाळा, तुला शाळेत पोचवल्यावर मी खिडकीतून कधी डोकावले का? (मी डोकावायचे. इरावती रडायची नाही, मीच रडायचे. पण आता नाही.) उतरलो की एक निरोप टाकू. त्यानंतर फोन बंद. आजारी पडलो तर एकमेकींना सांगू, हरवलो तर दोघी मिळून हरवू. आम्हाला विचारायला कोणी नको आणि कोणाला उत्तर द्यायला नको, असे आठ दिवस आम्ही मागून घेतो आहोत. ते तुम्ही पैसे भरून दिलेत, आता मनापासून द्या.

पोलादपूरच्या घराच्या किल्ल्या राजेंद्रच्या मैनेकडे असतील, आपल्या आत्या नव्हेत, त्याची बायको. झाडांना पाणी ती घालेल.

स्वतःला जपा, एकमेकांना जपा, आमची आठवण आली तर येऊ द्या.

तुम्हां दोघांच्या,
दोघी आया